दाट जंगलात उंदीर कमी का सापडतात, आणि जे असतात ते नेमके कुठे असतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कोयनेच्या बाजूला जुन्या, न तोडलेल्या जंगलात शेरमन ट्रॅप (प्राणी जिवंत पकडणारी अ‍ॅल्युमिनियमची खोकी) लावले, आठवड्याभरात जेमतेम तीन-चार उंदीर आले, आणि खाली गावाजवळ भातखाचरांच्या कडेला तेवढेच ट्रॅप लावले तर रोज सकाळी भरलेले. गाईड म्हणतायत जंगलातली साइट सोडा, तिथे डेटा मिळत नाही. तर चांगल्या जंगलात छोटे सस्तन प्राणी खरंच कमी असतात का, की ट्रॅप लावण्यात गडबड आहे?

दोन्ही थोडं थोडं खरंय. पण साइट सोडू नका, कारण तुमचे ते तीन-चार उंदीर आणि खाचराकडेचे ढीगभर उंदीर ही एकाच प्रश्नाची कमी-जास्त उत्तरं नाहीयेत, ते वेगळेच प्राणी आहेत. मी या कामात बरीच वर्षं घालवलीत, आणि माझं मत असं झालंय की सह्याद्रीत 'किती मिळाले' या आकड्याला लोक नको इतकं महत्त्व देतात, खरी माहिती 'कोण मिळालं आणि जमिनीपासून किती उंचीवर, कशाच्या शेजारी' यात असते.

आधी कोण कोण असतं ते बघू. खाचराच्या कडेला तुम्हाला मिळाली असणार ती शेतातली मंडळी, म्हणजे मिलार्डिया मेल्टाडा, मस बूडुगा, बांधात बीळ करणारी बँडिकोटा, आणि घरांच्या आसपासचा आपला नेहमीचा राटस राटस. यांना गवताचं बी, भात, नाचणी, वरी काहीही चालतं, पिल्लं भराभर होतात आणि सुगीच्या आसपास आकडा असा फुगतो की ट्रॅप कमी पडतात. जंगलाच्या आत गेलात की ही यादी जवळजवळ पुसली जाते. तिथे असतो राटस सातारे, ज्याचं नावच आपल्या साताऱ्यावरून आहे. १९१८ मध्ये हिंटनने तो घाटमाथ्यावरच्या नमुन्यांवरून राटस राटसची उपजात म्हणून नोंदवला, आणि मग जवळजवळ शंभर वर्षं कोणी त्याच्याकडे फारसं वळून बघितलं नाही, सगळे त्याला 'ब्लॅक रॅट' म्हणूनच लिहीत राहिले. २०११ मध्ये जनुकं, गुणसूत्रं आणि मोजमापं तिन्ही बाजूंनी दाखवलं गेलं की ही स्वतंत्र जात आहे. फक्त पश्चिम घाटात आहे, आययूसीएन या संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत व्हल्नरेबल म्हणजे असुरक्षित आहे, आणि तुमच्या तीन-चारांतले एक-दोन बहुतेक तेच असणार. गाईडना आधी हे सांगा.

त्याच्याबरोबर असतो मॅड्रोमिस ब्लॅनफोर्डी, राखाडी, अंगाने बऱ्यापैकी, आणि शेपटीचा शेवटचा भाग पांढरा, त्यामुळे टॉर्चच्या उजेडात पण चुकायला होत नाही. मग व्हँडेल्युरिया, हा लांब शेपटीचा झाडावरचा उंदीर, इतका हलका की शेरमनमधली पाय पडला की दार बंद करणारी पट्टी घट्ट सेट केलेली असेल तर तो आत जाऊन खाऊन आरामात परत जातो आणि सकाळी तुम्ही लिहिता 'रिकामा'. उघड्या कातळसड्याच्या कडेला मस प्लॅटिथ्रिक्स, पाठीवर काटेरी केस असलेला, बिळाच्या तोंडाशी बारीक खडे रचून ठेवणारा. चिचुंद्र्या असतात, पण त्या उंदीर नाहीत हे डेटाशीटमध्ये वेगळं दिसलं पाहिजे, त्या कीटकभक्षी आहेत आणि त्यांचं जागेचं गणित पूर्ण वेगळं आहे. शिवाय दिवसा फिरणारी फुनांब्युलस ट्रायस्ट्रिएटस ही जंगली पट्टेरी खार. म्हणजे एका साइटवर सगळं मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच जाती. बोर्निओच्या वर्षावनात एकाच ठिकाणी डझनावारी जाती मिळतात, मॅक्सोमिस उंदीर जमिनीवर, निव्हिव्हेंटर उंदीर वेलींवर, शिवाय टुपाया म्हणजे ट्रीश्रू आणि खारींचे पाच-सहा प्रकार, तसं इथे होत नाही आणि व्हायची अपेक्षापण धरू नका. दक्षिणेत अगस्त्यमलै, अण्णामलैकडे यादी जरा मोठी होते, तिथे प्लॅटॅकँथोमिस हा काटेरी डॉर्माउस आहे जो झाडाच्या ढोलीत राहतो आणि मिरीची नासाडी करतो म्हणून बागायतदारांच्या शिव्या खातो. तो आपल्याकडे येत नाही. माझ्या मते त्याचं मोठं कारण पाऊस नसून कोरडे महिने आहेत. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण सगळा चार महिन्यांत, आणि पुढे ऑक्टोबर ते मे जवळजवळ काही नाही. दक्षिणेत कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा. वर्षभर फांद्यांवर राहणाऱ्या प्राण्याला हा फरक फार मोठा पडतो.

आता जंगलात आकडा कमी का. पहिलं कारण अगदी साधं आहे, अन्न वर आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, पारजांभूळ यांची जी आपली घाटमाथ्यावरची जंगलं आहेत तिथे खाली सावली इतकी असते की गवत नाही, झुडुपं कमी, जमिनीवर पालापाचोळा आणि त्यात किडे. बी पडतं ते हंगामात पडतं आणि बाकी वेळ जमीन तशी उपाशीच. राटस सातारेची शेपटी अंगापेक्षा लांब, चढायला उत्तम, तो निम्मी रात्र वरच असतो, आणि तुम्ही सगळे ट्रॅप जमिनीवर मांडलेत. मग तीन-चार मिळाले हेच विशेष. कोन्स्टान्स वेल्स आणि सहकाऱ्यांनी बोर्निओत जमिनीवर आणि वर छतात असे दोन्हीकडे ट्रॅप लावून २००४ मध्ये दाखवलं होतं की दोन्ही मजल्यांवरची मंडळी बऱ्यापैकी वेगळी असते. आपल्याकडे जातीच कमी असल्यामुळे फरक तितका टोकाचा दिसत नाही, पण दिसतो.

दुसरं कारण शिकारी. धड जंगलात उदमांजर आहे, वाघाटी आहे, वुड आउल आहे, बांबू पिट वायपर हा साप वेलीवर तासन्‌तास बसून असतो. खाचराच्या कडेला घुबड आणि धामण सोडली तर विशेष कोणी नाही. तिसरं कारण जरा वादाचं आहे पण मी मानतो: शेतातले उंदीर झपाट्याने वाढणारे आणि झपाट्याने मरणारे आहेत, जंगलातले एका वेळी थोडीच पिल्लं देतात, त्यामुळे आकडा वर्षभर खालच्या पातळीवरच हलत राहतो. निलगिरीच्या शोला जंगलात कार्तिक शंकर आणि रमण सुकुमार यांनी नव्वदच्या दशकात उंदीर-चिचुंद्र्यांना खुणा करून परत परत पकडण्याचं दीर्घ काम केलंय, ते प्रोजेक्टला हात घालण्याआधी वाचाच, कारण त्यातून कळतं की एका हंगामाच्या आकड्यावर बोलणं किती धोक्याचं आहे.

आणि एक गोष्ट गाईडना पटवायची असेल तर ही पटवा: धड जंगलात अचानक ट्रॅप भरभरून येऊ लागले तर आनंद मानायचं कारण नाही, बहुतेक वेळा तिथे काहीतरी बिघडलेलं असतं. कॅनॉपी म्हणजे झाडांचं छत फुटलं, रस्ता झाला, हॉटेलचा कचरा टाकला जायला लागला, की राटस राटस आत घुसतो. आकडा वाढतो, जंगली जाती मागे सरकतात. याला अपवाद म्हणजे बी धो धो पडतं ती वर्षं. कारवी सात वर्षांनी फुलते, बोंडं वाळून पुढच्या उन्हाळ्यात तडतडतात, त्या काळात जमिनीवर खायला एकदम खूप असतं. मिझोरममध्ये बांबू फुलल्यावर उंदरांचा जो उपद्रव होतो, १९५९ चा आणि २००७ चा, तो याचाच फार मोठा प्रकार. म्हणून तुमच्या साइटवर कारवी असेल तर ती शेवटची कधी फुलली हे गावातल्या कोणालाही विचारून लिहून ठेवा, मध काढणारे तर वर्ष बरोब्बर सांगतात.

'न तोडलेलं जंगल' याबद्दल पण थोडं. कोयना अभयारण्य १९८५ चं, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चं, आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पण त्याआधी तिथे गावं होती, कुमरी म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती होती, गुरं चरायची. आज दाट दिसणाऱ्या जंगलात चालता चालता मध्येच जोत्याचे दगड आणि शेजारी ओळीत फणस दिसतात ते उगाच नाही. असा पट्टा वरून हिरवागार दिसला तरी त्यात जाड, पोकळ झाडं नसतात, आणि ढोल्या नसल्या तर ब्लॅनफोर्डी कुठे राहणार? त्यामुळे तुमचे ट्रॅप जुन्या गावठाणात होते की खरोखर जुन्या राईत, हे आधी तपासा. जवळपास एखादी देवराई असेल तर तुलनेसाठी सोन्यासारखी जागा आहे, छोटी असली तरी झाडं जुनी असतात. फक्त गावातल्या मंडळींना आणि पुजाऱ्याला विचारून जा, न विचारता लोखंडी-अ‍ॅल्युमिनियमची खोकी देवाच्या रानात मांडलेली कोणालाच आवडत नाहीत.

मग ट्रॅप लावायचे कुठे. ठरलेल्या अंतरावर ग्रिड लावा, दहा मीटरवर एक असं चालतं, आकडेवारीला ते लागतंच. पण त्या बिंदूपासून दोन मीटरच्या आत सगळ्यात चांगली जागा निवडा, अगदी बिंदूवरच मोकळ्या पाचोळ्यात ठेवू नका. चांगली जागा म्हणजे काय, तर पडलेला ओंडका. जंगलातला उंदीर उघड्यावरून चालत नाही, ओंडक्याच्या वरून किंवा त्याला घासून चालतो, कारण वाळक्या पाचोळ्यात पाय पडला की आवाज होतो आणि घुबडाला तेवढं पुरतं. ओंडक्यावर वाकून नीट बघा, शेवाळ असेल तर मधोमध एक बारीक घासलेली रेघ दिसेल, कडेला कुरतडलेल्या बियांची टरफलं आणि तांदळाएवढ्या लेंड्या. ट्रॅपचं तोंड त्या रेघेच्या दिशेला, ओंडक्याला चिकटवून, वर मूठभर पाचोळा. दगडांच्या कपारी, मोठ्या झाडाच्या मुळांमधला खळगा, ओढ्याच्या कडेची मुळं या पण तशाच जागा. चिचुंद्रीला ओलावा लागतो, ती ओढ्याजवळ आणि जाड पाचोळ्यात जास्त.

आणि निदान एक तृतीयांश ट्रॅप वर लावा. त्यासाठी चढायला पाहिजेच असं नाही, गारंबीसारखी जाड वेल छातीच्या उंचीवर आडवी गेलेली असते तिच्यावर, किंवा तिरक्या वाढलेल्या अंजनीच्या खोडावर सुतळीने दोन ठिकाणी घट्ट बांधा. ट्रॅप हलता कामा नये, हलला तर व्हँडेल्युरिया पाय पण ठेवत नाही. तोंड फांदीच्या लांबीच्या दिशेला ठेवा, आडवं ठेवलं तर त्यांना मार्गात काहीतरी अडथळा आल्यासारखं होतं आणि ते वळसा घालून जातात. मागची बाजू किंचित वर, म्हणजे पाणी किंवा मूत आत साचत नाही. उंची टेपने मोजून लिहा, 'वर' असं नुसतं लिहू नका. वेली दोन झाडांना जोडत असतील तर तशी नोंद करा, कारण या प्राण्यांसाठी जोडलेलं छत आणि तुटलेलं छत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनथुराईच्या सदाहरित जंगलात दिव्या मुद्दप्पा आणि सहकाऱ्यांनी काटेरी डॉर्माउसचा अधिवास तपासला होता, २००१ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात आलाय तो पेपर, अधिवास कसा मोजायचा हे शिकायला चांगला आहे.

आमिष. पुस्तकात पीनट बटर आणि ओट्स लिहिलेलं असतं, चालतं, पण महाग पडतं आणि मुंग्या लागतात. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा मला सगळ्यात बरा वाटतो, वास लांब जातो आणि दोन दिवस टिकतो. चिचुंद्रीसाठी थोडा सुका जवळा टाका, खोबऱ्याला ती ढुंकून बघत नाही. मुंग्या ही खरी डोकेदुखी आहे, अडकलेल्या प्राण्याला त्या रात्रीत मारू शकतात, त्यामुळे ओळ दिसली की तो ट्रॅप लगेच हलवायचा, पावडर-बिवडर टाकायची नाही. आत थोडा कोरडा कापूस ठेवा, पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर रात्री चांगलीच थंडी पडते आणि अ‍ॅल्युमिनियमचं खोकं बर्फासारखं होतं. चिचुंद्र्या अपेक्षित असतील तर मध्यरात्री एक फेरी मारायलाच लागते, काही तास उपाशी राहिली तरी ती मरू शकते. सकाळची फेरी ऊन यायच्या आत संपवा.

पहिल्या दोन-तीन रात्री ट्रॅप उघडे पण लॉक करून, आमिष टाकून नुसते ठेवा. राटस मंडळी नवीन वस्तूला घाबरतात. तुम्ही पहिल्या रात्रीपासून मोजायला लागलात आणि आठवड्याने उचललेत, म्हणजे ते जरा धीट व्हायच्या आत तुम्ही निघालात. सलग पाच रात्री मोजणीच्या, त्याआधी सवयीच्या, आणि हे किमान दोन हंगामांत, असं केल्याशिवाय तुलना करू नका. चांदण्याची तारीखपण लिहा, उघड्या खाचरात पौर्णिमेला उंदीर दबकून असतात, दाट छताखाली तेवढा फरक पडत नाही, आणि हीच गोष्ट दोन साइटच्या तुलनेत गोंधळ घालते.

डेटाबद्दल एकच मोठी चूक मी प्रोजेक्टमागून प्रोजेक्टमध्ये बघतो: ज्या ट्रॅपमध्ये प्राणी आला फक्त तिथलाच अधिवास मोजतात. मग तुलना कशाशी करणार? प्रत्येक ट्रॅपभोवती, रिकाम्या पण, पाच मीटर त्रिज्येत पाचोळ्याची जाडी, ओंडके, दगड, वेली, ढोल्या, झाडांचे घेर, छत किती टक्के, ओढा किती लांब, हे सगळं मोजायचं. त्यानंतरच म्हणता येतं की प्राण्याने उपलब्ध जागांमधून अमुक जागा निवडली. आणि पट्टी पडून दार बंद झालेले पण रिकामे ट्रॅप असतात, त्यांची अर्धी रात्र हिशोबातून वजा करायची पद्धत आहे, जंगलात खेकडे आणि गोगलगायी इतके ट्रॅप बंद करतात की हा फरक छोटा नसतो. आकडे कमी असतील तर घनता काढायच्या मागे लागू नका, ऑक्युपन्सी मॉडेल वापरा, त्यात 'नव्हता' आणि 'होता पण सापडला नाही' हे वेगळं करता येतं. तुमच्या गाईडच्या आक्षेपाला हेच खरं उत्तर आहे.

ओळखीसाठी सातारे आणि राटस राटस यांच्यात नुसत्या फोटोवर पैज लावू नका. वजन, डोकं-धड, शेपटी, मागचा पाय, कान ही पाच मोजमापं, पोटाच्या रंगाचा फोटो, आणि कानाचा अगदी बारीक तुकडा अल्कोहोलमध्ये. तेवढ्यावर सायटोक्रोम बी या जनुकाची तपासणी करून जात पक्की करता येते. अर्थात हे सगळं परवानगीत लिहिलेलं असेल तरच. पूर्वी सामान्य उंदीर वन्यजीव कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी म्हणून होते, २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं, आणि तसंही अभयारण्याच्या हद्दीत उंदीर असो की वाघ, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

शेवटचं, आणि हे प्रोजेक्टपेक्षा महत्त्वाचं. ग्लोव्हज आणि मास्क घालूनच प्राणी हाताळा, ट्रॅप प्रत्येक कॅप्चरनंतर धुवा, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार मुतातून पसरतो. या प्राण्यांच्या कानामागे गोचिडांची पिल्लं असतात, आणि माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, जो १९५७ मध्ये शिमोग्याकडे सापडला, तो गेल्या काही वर्षांत गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गपर्यंत आलेला आहे. त्याच्या गोचिडांची लहानपणची वाढ याच उंदीर-चिचुंद्र्यांवर होते. डिसेंबर ते मे जास्त जपायचं, पँट मोज्यात खोचायची, पाचोळ्यात बसायचं नाही, संध्याकाळी अंगभर तपासायचं. पाचोळ्यातल्या चिगरमुळे (माइटची बारीक पिल्लं) स्क्रब टायफस हा तापही होतो. घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की जंगलात उंदीर हाताळत होतो, आणि काखेत-जांघेत काळी खपली आहे का ते स्वतः बघा, नाहीतर मलेरिया-डेंग्यूच्या टेस्ट होत राहतात आणि वेळेत मिळाली तर साध्या डॉक्सीसायक्लिनने बरा होणारा आजार अंगावर निघतो.